मगरबाईंना मानाचा पासवर्ड

एका जंगलात पाणी दोन ठिकाणी होतं आणि मगर एकच होती.

मुलांनो, हे वाक्य घट्ट धरून ठेवा. पुढे बरीच मोठमोठी मंडळी येणार आहेत. भाषणं होतील, हारतुरे होतील. त्या गडबडीत हे साधं वाक्य विसरायला होतं. जंगलातले शहाणे तर पार विसरले.

तर एक होता मोठा डोह आणि एक होता धाकटा डोह. दोघांना जोडणारा एक ओढा होता. मगरबाई त्या ओढ्यातून मनाला येईल तेव्हा इकडून तिकडे जायच्या. आज मोठ्यात, तर उद्या धाकट्यात. कधी लहर आली तर आठवडाभर एकाच डोहात मुक्काम. पण त्या ज्या डोहात नसत, तिथं पाणी प्यायला काहीच भीती नव्हती. पोटभर प्या, अंघोळ करा, नाचा.

म्हणजे रोज सकाळी जंगलाला एकच गोष्ट कळायला हवी होती. आज मगर कुठं आहे?

ते टिटवी सांगायची. उजाडता उजाडता ती दोन्ही डोहांवरून एक चक्कर मारायची. मग मधल्या कातळावर उभी राहून गळा काढायची. "मोठ्यात आहे, मोठ्यात आहे! धाकट्यावर जा!" सगळं जंगल धाकट्यावर जायचं. कुणी टिटवीला शाल दिली नाही, कुणी तिचं नाव घेतलं नाही. तिनंही मागितलं नाही.

ऐकणाऱ्यांत एक पिसोरी होती. पिसोरी म्हणजे सशाहून जराशी मोठी हरणी. शिंगं नाहीत, काडीसारखे पाय, आणि जोरात पळायचं म्हटलं तरी किती पळणार? तिला एक पाडस होतं. अंगभर पांढरे ठिपके, म्हणून तिचं नाव ठिपकी. ठिपकीनं नुकतंच दूध सोडलं होतं आणि ती आईबरोबर पाण्याला यायला लागली होती. पण पोर भारी अधीर. पाण्याचा वास आला की आईला मागे टाकून सुटायची. पिसोरी ओरडायची, "अगं थांब कार्टे, आधी टिटवी काय म्हणतेय ते ऐकू दे!"

पिसोरीचं जगाकडे एवढंच मागणं होतं. ठिपकीला घेऊन पाण्यावर जावं आणि ठिपकीला घेऊन परत यावं.

आता मंडळाकडे वळू. त्या जंगलात एक मंडळ होतं. मंडळ नसलेलं जंगल मी अजून पाहिलेलं नाही. अध्यक्ष होते गवेसाहेब. गवा एवढा थोराड, की मगर त्याच्या वाटेला जात नाही. उपाध्यक्ष होता तरस. त्याच्या अंगाला असा वास यायचा की मगरबाईंनी एकदा तोंड उघडलं होतं ते नुसतं मिटून घेतलं. सचिव होता मोर. त्याला पंख होते. आणखी बरेच सभासद होते, पण ते नुसते माना हलवायचे. म्हणजे ज्यांना मगरीचा काडीचा त्रास नव्हता ते सगळे मगरीचा प्रश्न सोडवायला बसले होते. मोठे झालात की तुम्हालाही हे दिसेल.

एकदा काय झालं, गवेसाहेब शेजारच्या खोऱ्यात सत्काराला गेले. सत्कार कशाबद्दल होता ते त्यांनाही नीट आठवत नव्हतं. तिथं त्यांनी पाहिलं की शेजाऱ्यांनी वेबसाइट केली आहे. तिच्यावर तिथल्या अध्यक्षाचा फोटो आहे. आणि फोटोवर फुलं पडताहेत! आपोआप!

साहेब परत आले ते तोंड पाडूनच. त्यांना चारा गोड लागेना. लगेच बैठक लावली.

"शेजारी कुठं गेले, आणि आपण कुठं आहोत?" साहेब गरजले. "त्यांच्याकडे संकेतस्थळ आहे. आपल्याकडे काय आहे? एक बोंबलणारी टिटवी!"

"आणि टिटवी म्हणजे मुळात अपशकुनी," तरस म्हणाला. "सकाळी सकाळी तिचा आवाज कानावर पडतो, म्हणून तर जंगलाची प्रगती होत नाही."

"वाहवा, उपाध्यक्षांनी मर्मावर बोट ठेवलं," मोर म्हणाला. मोराला कुणीही काहीही बोललं की वाहवा म्हणायची खोड होती. तिच्याच जोरावर तो सचिव झाला होता.

ठरलं. वेबसाइट करायची. तिच्यावर एक कोपरा ठेवायचा, 'आजची मगर'. प्रत्येकानं सकाळी मोबाइल उघडायचा, वाचायचं आणि पाण्यावर जायचं. आता तुमच्यातला कुणीतरी विचारेल, जंगलात मोबाइल कुठून आले? अरे, गवा अध्यक्ष झालेला तुम्हाला चालतो आणि मोबाइल खटकतो होय? गप्प बसा आणि ऐका.

वेबसाइट करायला एक वानर बोलावला. वानर हुशार होता, हे मी कबूल करतो. त्यानं पहिल्याच दिवशी मंडळाला सगळं समजावून सांगितलं.

"नाव छोटं ठेवा, सगळ्यांच्या लक्षात राहील असं. लोकांना जे हवं ते अगदी वर ठेवा. फोटो मोजके ठेवा, नाहीतर पान उघडायला वेळ लागतो. माहिती रोज ताजी करा. काही अडलं तर कुणाला भेटायचं तो पत्ता ठळक द्या. आणि पासवर्ड म्हणजे वेबसाइटची किल्ली. ती ज्याचं काम आहे त्याच्याकडेच राहू दे. मधून मधून बदला. कुणाला सांगू नका."

मुलांनो, वेबसाइटबद्दल शिकायचं ते एवढंच आहे. एवढ्यासाठी लोक दोन दोन दिवसांची शिबिरं भरवतात आणि मधल्या वेळात जेवण देतात.

मंडळानं सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग एकेक मोडायला सुरुवात केली.

"नाव 'डोह' ठेवू," वानर म्हणाला.

"डोह?" साहेब हसले. "एवढं मोठं मंडळ आणि एवढंसं नाव? लोक म्हणतील, ह्यांना अक्षरं परवडली नाहीत."

मग नाव ठरलं: वनदेवीकृपा-पंचक्रोशी-सर्व-वन्यजीव-हितवर्धक-मंडळ-नोंदणीकृत. शेवटचा शब्द तरसानं घालायला लावला. पिसोरीच्या एवढ्याशा खुरानं ते टाइप करायचं म्हणजे दुपार झाली असती.

"साहेब, नाव फार लांब होतंय," वानर म्हणाला.

"मग काय झालं? आमची शेपूटसुद्धा लांब आहे," मोर म्हणाला.

"बरं," वानर म्हणाला.

हे 'बरं' ध्यानात ठेवा. त्या वानराला सगळं कळत होतं. कळत असून तो प्रत्येक वेळी 'बरं' म्हणाला. मला गव्याचा एवढा राग येत नाही. गवा तो गवाच. पण ज्याला कळतं आणि जो तरीही 'बरं' म्हणतो, त्याचं काय करायचं सांगा?

मग पहिल्या पानाचा प्रश्न आला. साहेबांचा फोटो सर्वांत वर, हे सांगायलाच नको. पण तरसाचा फोटो साहेबांच्या फोटोहून किती लहान असावा, यावर एक अख्खी बैठक गेली. मोर म्हणाला, माझा फोटो नको, माझा पिसारा ठेवा. पान उघडलं की पिसारा फुलला पाहिजे, एकेक पीस करत. मग सभासदांच्या बायका म्हणाल्या, आमच्या ह्यांनी काय घोडं मारलंय? मग सगळ्यांचे फोटो आले. चौकातल्या वाढदिवसाच्या फलकावर शुभेच्छुक असतात ना, दाटीवाटीनं, कुणाचं डोकं कुणाच्या खांद्यावर, तसे. त्यांच्याखाली साहेबांचं मनोगत. मनोगताखाली वनदेवीची आरती, तीही आपोआप वाजणारी.

आणि या सगळ्याच्या तळाशी, अगदी खाली, 'आजची मगर'.

"हे वर घ्यायला हवं हो," टिटवी म्हणाली. तिला बैठकीला कुणी बोलावलं नव्हतं, पण ती आली होती.

"सगळ्यांत वर मगर? शुभ दिसतं का ते?" साहेब म्हणाले.



शेवटी घोडं अडलं ते पासवर्डावर. वानर म्हणाला, "मगर कुठं आहे ते टिटवी बघते. तेव्हा पासवर्ड तिलाच द्या. बाकी कुणाला नको."

तरस उठून उभा राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

"म्हणजे किल्ली एका टिटवीच्या चोचीत," तरस म्हणाला. "आणि आम्ही, ज्यांनी मंडळासाठी रक्त आटवलं, ते काय पाहुणे? मला मान नको, साहेब. मी राजीनामा देतो."

तरसाचा राजीनामा दर बैठकीला असायचा. पण त्या दिवशी सगळे सभासद त्याच्या बाजूनं उठले. पासवर्डानं नेमकं काय होतं हे एकालाही ठाऊक नव्हतं. तो दुसऱ्याला मिळतोय आणि आपल्याला नाही, एवढं मात्र सगळ्यांना नीट कळलं. तुमच्या घरच्या लग्नात आहेराची टोपी राहिली म्हणून मामा पंगतीतून उठले होते की नाही? तसंच हे.

"सगळ्यांना देऊ," साहेबांनी तोडगा काढला.

"पण आधी कुणाला?" एक सभासद म्हणाला.

खरंच की! कानात सांगायचा म्हटलं तर कुणाच्या तरी कानात शेवटी सांगावा लागणार. मग शेवटच्याचा अपमान. मंडळानं खूप विचार केला. मोठमोठी डोकी एकत्र आली की काय होतं बघा. ठरलं की पासवर्ड उद्घाटनाच्या दिवशी व्यासपीठावरून, माइकवर, एकदाच जाहीर करायचा. सगळ्यांना एकाच वेळी कळेल. कुणी आधी नाही, कुणी नंतर नाही. आणि ज्यांना येता येणार नाही त्यांची गैरसोय नको, म्हणून तो निमंत्रणपत्रिकेवर छापायचा. 'आपले नम्र'च्या खाली.

पासवर्ड ठरला 'गवेसाहेबआगेबढो'. साहेब नको नको म्हणाले. मग हो म्हणाले.

"बरं," वानर म्हणाला.

पत्रिका वाटायला निघाल्या तेव्हा वरची एक पत्रिका पाहून टिटवी चमकली. त्यावर नाव होतं 'श्रीमती मगरबाई, मोठा डोह (सध्या मुक्काम धाकटा डोह)'.

"अहो साहेब! ही वेबसाइट मगरीपासून जीव वाचवायला आहे ना? आणि तिलाच आमंत्रण? तेही पासवर्ड छापून? म्हणजे चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या!"

"हे बघ," साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, "मगरबाई या जंगलातल्या सर्वांत ज्येष्ठ रहिवासी. त्यांना वगळलं तर लोक काय म्हणतील? मतभेद असावेत, मनात अढी नसावी."

"वाहवा," मोर म्हणाला.

उद्घाटन थाटात झालं. साहेबांनी मोबाइलवर नारळ फोडला. मोबाइल फुटला. दुसरा आणला. मोरानं पासवर्ड माइकवर एकेक अक्षर करून वाचला, दोनदा, आणि मागच्या रांगेला ऐकू आलं का असंही विचारलं. पुढच्या रांगेत मगरबाई बसल्या होत्या. ज्येष्ठ म्हणून त्यांचा शाल, श्रीफळ देऊन सत्कार झाला. श्रीफळ त्यांनी तिथंच, सोलल्याबिगर, एका घासात खाल्लं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

पिसोरी सगळ्यांत मागे उभी होती. ठिपकी आईच्या पायांत घुटमळत होती. वानर फोटो काढत हिंडत होता. त्यानं पिसोरीच्या खुरात मोबाइल दिला आणि म्हणाला, "ताई, इकडं बघा. हसा जरा." ठिपकीनं मान वाकडी करून मोबाइलच्या काचेला नाक लावलं. फोटो सुरेख आला. तो साहेबांना एवढा आवडला की पहिल्या पानावर घ्यायला लावला. खाली ओळ टाकली, 'पाण्याची चिंता मिटली!'

ठिपकीचा तो एकुलता एक फोटो.

दुसऱ्या दिवशी फर्मान निघालं. यापुढे अधिकृत माहिती फक्त वेबसाइटवर. टिटवीनं ओरडू नये. ओरडल्यानं अपशकुन तर होतोच, शिवाय जनतेत संभ्रम पसरतो.

थोडे दिवस बरं चाललं, खोटं कशाला बोलू? टिटवी चक्कर मारून यायची आणि चोचीनं टकटक करत 'आजची मगर' भरायची. पिसोरी मोबाइल उघडायची. पिसारा फुलायचा, एकेक पीस करत. मग फोटो यायचे. मग आरती सुरू व्हायची. मग मनोगत. मग कुठं खाली मगर. तेवढ्या वेळात पिसोरी एका पायानं ठिपकीला अडवून धरायची. "थांब गं, उघडतंय. थांब."

"आई, टिटवीमावशी का नाही ओरडत?"

"आता तसं ओरडायचं नसतं बाळा. आता सुधारणा झालीय."

बाकी ज्यांना ज्यांना पासवर्ड मिळाला होता ते वेबसाइटवर काय करत होते म्हणाल, तर एकमेकांना वाढदिवसाच्या शुभेच्छा देत होते. तरसानं स्वतःलाच दोनदा दिल्या. मगरीबद्दल कुणी एक अक्षर लिहिलं नाही. आपल्या बापाचं काय जातंय!

मगरबाईंनी मात्र पत्रिका जपून ठेवली होती.

एका सकाळी टिटवी धाकट्या डोहावरून गेली तर मगरबाई तिथंच होत्या, काठालगत, नुसते डोळे पाण्यावर. टिटवीनं येऊन लिहिलं, 'धाकट्या डोहात मगर आहे.' पान बंद करून उघडते, तर तिथं लिहिलं होतं, 'धाकट्या डोहात मगर नाही. निर्धास्त यावे. पाणी गोड आहे.'

टिटवीनं ते पुसून परत लिहिलं. परत पुसलं गेलं. परत लिहिलं. 'मगर नाही. लहान मुलांना अवश्य आणावे.'

टिटवी तडक गवेसाहेबांकडे उडाली. साहेब रवंथ करत बसले होते.

"साहेब, मगर वेबसाइटवर शिरलीय! खोटं लिहितेय! ती धाकट्या डोहात आहे, मी आत्ता पाहिली!"

साहेबांनी मोबाइल उघडला. स्वतःच्या फोटोपाशी जरा थांबले. मग खाली गेले.

"इथं तर नाही असं लिहिलंय."

"अहो, मी डोळ्यांनी पाहिली!"

"तुझे डोळे अधिकृत आहेत का?" साहेबांनी विचारलं. "हे बघ, लेखी तक्रार दे. मंगळवारी बैठक आहे."

टिटवीनं फर्मान, मंगळवार, बैठक सगळं गेलं खड्ड्यात म्हटलं आणि आभाळात झेप घेतली. छाती फुटेस्तोवर ती ओरडू लागली. "धाकट्यात आहे! धाकट्यात आहे! जाऊ नका! अगं, जाऊ नका!"

पिसोरी तेव्हा धाकट्या डोहाच्या वाटेवरच होती. बाभळीच्या वळणाशी आली होती, तिथून पाण्याचा वास येतो. घरून निघताना तिनं मोबाइल पाहिला होता. 'निर्धास्त यावे' वाचून निघाली होती. एवढ्यात वरून टिटवीचा आवाज आला.

पिसोरी जागच्या जागी थबकली. किती दिवसांनी ऐकला तो आवाज! तिच्या पायांना तो कळला. पाय मागे वळायला लागलेसुद्धा. पण आता तिच्याकडे मोबाइल होता. खात्री करून घ्यावी, असं तिला वाटलं. अधिकृत काय आहे ते बघावं.

तिनं मोबाइल उघडला.

पिसारा फुलायला लागला. एक पीस. दुसरं पीस. तिसरं. पिसोरीची नजर काचेवर. मग साहेबांचा फोटो आला. मग तरसाचा, जरासा लहान. मग सगळे शुभेच्छुक. आरती सुरू झाली, त्या आवाजात टिटवीचं ओरडणं ऐकू येईना. मनोगत आलं, 'माझ्या तमाम बंधुभगिनींनो'. पिसोरी खुरानं पान वर सारत राहिली. तळाशी पोचली. 'धाकट्या डोहात मगर नाही. निर्धास्त यावे.'

तिनं सुटकेचा निःश्वास टाकला. मान वर केली.

ठिपकी शेजारी नव्हती.

मुलांनो, पुढचं मी सांगणार नाही. एवढंच सांगतो की पिसोरी काठावर पोचली तेव्हा पाणी हलत होतं, आणि मग हलायचं थांबलं. ती दिवसभर तिथं उभी होती. मगरबाईंनी तिला काही केलं नाही. त्यांचं पोट भरलं होतं.

हे सांगताना मला संताप येतो. पण मंडळाला संताप आला नाही. मंडळानं वरातीमागून घोडं काढलं, म्हणजे चौकशी समिती नेमली. समितीत गवेसाहेब, तरस आणि मोर होते. वेबसाइटवर 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकली. वर सगळ्यांचे फोटो, खाली ठिपकीचं नाव, तेही 'ठमकी' असं. मगरीचे अश्रू वगैरे म्हणायला जाऊ नका, बाई रडल्या नाहीत. त्यांनी श्रद्धांजलीखाली नुसता अंगठा उमटवला.

समितीनं वानराला विचारलं, तुझं काय म्हणणं? वानर म्हणाला, "मी आधीच सांगितलं होतं." आणि दुसऱ्या जंगलातलं काम घेऊन निघून गेला.

मग अहवाल आला. दुर्घटनेला टिटवी जबाबदार. तिनं अनधिकृतपणे ओरडून संभ्रम निर्माण केला. संभ्रमामुळे पिसोरी वाटेत थांबली. थांबली म्हणून पाडस पुढे गेलं. सगळं कसं ओळीनं जुळत होतं! टिटवीला जंगलाच्या हद्दीबाहेर काढलं.

आता 'आजची मगर' कोण भरणार? मोरानं वेबसाइटवरची नोंद काढून पाहिली. टिटवी सोडली तर पाण्याबद्दल लिहिणारी एकच व्यक्ती निघाली.

"मगरबाई नियमित लिहितात," मोर म्हणाला. "थोडक्यात लिहितात. शिवाय डोहाची त्यांना आतून माहिती आहे."

"आणि ज्येष्ठ आहेत," तरस म्हणाला.

वेबसाइट मगरबाईंकडे सोपवण्यात आली. दुसरी शाल, दुसरं श्रीफळ.

बाईंनी काय केलं म्हणता? नाव बदलून 'डोह' ठेवलं. पिसारा काढला, आरती काढली, शुभेच्छुक काढले. साहेबांचा फोटो तेवढा ठेवला, बाई व्यवहारी. पान आता पापणी लवायच्या आत उघडू लागलं. 'आजची मगर' सगळ्यांत वर आलं आणि रोज उजाडायच्या आत ताजं होऊ लागलं. मोर रुसला. पण भांडायला जायचं तर डोहावर जावं लागलं असतं, म्हणून तो घरीच रुसला. त्या वर्षी वेबसाइटला पुरस्कार मिळाला.

आणि बाईंनी आणखी एक फोटो ठेवला. पिसोरी, तिच्या खुरात मोबाइल, आणि काचेला नाक लावून बघणारी ठिपकी. 'पाण्याची चिंता मिटली!' तो पाहून लोक डोहावर यायचे.

पिसोरी मंडळाकडे गेली. "तेवढा फोटो तिथून काढा हो," ती म्हणाली. "काढा आणि मला द्या. माझ्याजवळ तिचा दुसरा नाही."

साहेबांना वाईट वाटलं. खरंच वाटलं. त्यांनी लगेच पासवर्ड घातला, 'गवेसाहेबआगेबढो'. पान उघडेना. तरसानं घालून पाहिला. मोरानं घालून पाहिला. एकेका सभासदानं घालून पाहिला.

मगरबाईंनी पासवर्ड बदलला होता. नवा पासवर्ड फक्त त्यांच्याकडे होता, आणि त्यांनी तो कुणालाही सांगितला नव्हता.

"थांब, इथं संपर्काचा पत्ता दिलाय," साहेब म्हणाले आणि मोबाइल पिसोरीपुढे धरला. पत्ता ठळक अक्षरांत होता. 'तक्रार असल्यास समक्ष भेटावे. वेळ सकाळची. धाकटा डोह, पाण्याच्या अगदी कडेला.'

पिसोरीनं ते वाचलं. हद्दीपलीकडच्या माळावरून टिटवी 'धाकट्यात आहे' असं ओरडत होती, लांबून, बारीक आवाजात. पिसोरीनं कान टवकारले. मग मोबाइल साहेबांच्या खुरांपाशी ठेवला आणि मोठ्या डोहाची वाट धरली. एकटीच.

फोटो अजून तिथंच आहे.

तात्पर्य : वेबसाइटचं नाव छोटं ठेवावं, लोकांना हवं ते वर ठेवावं, माहिती रोज ताजी करावी, संपर्काचा पत्ता ठळक द्यावा आणि पासवर्ड कुणालाही सांगू नये. हे सगळे नियम त्या जंगलात एकट्या मगरीनं पाळले, आणि तिचं फार भलं झालं. बाकीच्यांनी एकमेकांचा मान पाळला, आणि तो मानही शाबूत राहिला. पाडस काय, मंडळावर नव्हतंच.